सावित्रीच्या खोऱ्यातल्या घाटवाटा कुणी राखायच्या?

पावसाळा तोंडावर आला की रायगड जिल्ह्यात मनाई आदेश निघू लागतात. अमुक धबधबा बंद, तमुक गडाची वाट बंद, धरणाच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली निघतात. मजकूर तोच राहिला. पोलीस गावाच्या फाट्यावर उभे राहतात, गाड्या माघारी फिरवतात, आणि पाऊस सरून आदेशाची मुदत संपली की त्या वाटेचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी येत नाही.

आदेश काढणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माणसं खरोखर मरतात. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यात कुंभ्याच्या धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. तिला वर काढायला बचाव पथकं कित्येक तास दोरावर लटकत होती. अशी बातमी आली की जिल्हाधिकाऱ्याच्या हाताशी लगेच वापरता येण्याजोगं एकच साधन असतं, ते म्हणजे बंदी. माझा आक्षेप पुढचा आहे. सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या शेकडो वर्षांच्या वाटांशी सरकारचा संबंध वर्षातून एकदा येतो, आणि तोही त्या बंद करण्यापुरता. वाट कुणाच्या ताब्यात, तिची डागडुजी कुणी करायची, तिच्यावर कुणी अडकलं तर पहिली हाक कुणाला मारायची, हे कुठेच ठरलेलं नाही. घाटवाट ही सार्वजनिक मालमत्ता म्हणून कागदावर यावी आणि तिची राखण पायथ्याच्या गावाकडे, पैशासकट आणि अधिकारासकट, सोपवावी असं माझं म्हणणं आहे.

मी सावित्रीच्या खोऱ्याबद्दल बोलतो आहे. महाबळेश्वराला उगम पावलेली सावित्री कड्यावरून खाली येते, पोलादपूर आणि महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत उभी आहे. त्या भिंतीतून खाली येणाऱ्या वाटांची नावं इथल्या माणसाला पाठ असतात. काळ नदीच्या अंगाला बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ (नाळ म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद दगडी घळ), मग मढे घाट, गोप्या, वरंधा, आणि पोलादपूरच्या वर ढवळे घाट आणि पार घाट. वरंध्याचा गाडीरस्ता झाला. पार घाटाची वर्दळ आंबेनळीच्या रस्त्याने खाल्ली. बाकीच्या अजून पायवाटाच आहेत.

महाड हे एके काळी बंदर होतं. गलबतांतून आलेला माल इथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून, माणसांच्या डोक्यावरून या वाटांनी देशावर चढायचा. मीठ आणि सुकी मासळी वर जायची, धान्य खाली यायचं. गांधारपाल्याची बौद्ध लेणी महाडच्या वेशीवर उभी आहेत ती याच व्यापाराच्या आधाराने. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्यामागेही या घाटांवरचा ताबा हे मोठं कारण होतं. ढवळे घाटाच्या तोंडाशी असलेला चंद्रगड हा त्या घाटाचा पहारेकरी. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला नेला तो मढे घाटाने, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणाचा इतिहास समुद्रावरून सांगायची आपल्याला सवय आहे. त्यातला निम्मा या वाटांवर घडला.

हे सगळं मला शहरातल्या गिर्यारोहकाइतकंच इथल्या शेतकऱ्यालाही सांगायचं आहे, कारण वाट मोडायला सुरुवात त्याच्या अंगणापासून झाली आहे.

वाट मोडते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ढवळ्याहून महाबळेश्वरच्या आर्थर सीटकडे चढताना बहिरीच्या घुमटीपर्यंतची वाट दाट रानातून जाते. जुन्या चढावर मधूनमधून रचीव दगड दिसतात. नीट पाहिलं तर काही दगड वाटेला आडवे, किंचित तिरके बसवलेले असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूला वीतभर चर असते. पावसाचं पाणी वाटेवरून धावू लागलं की तो आडवा दगड ते अडवतो आणि चरीतून दरीकडे काढून देतो. बस, एवढीच युक्ती. चरीत पाचोळा आणि माती साचते, ती दर पावसाआधी पायाने किंवा टिकावाने मोकळी करावी लागते. दोन-तीन वर्षं कुणी केली नाही तर पाणी दगडावरून उडी मारून सरळ वाटेने धावतं, दगडाखालची माती नेतं, दगड निखळतो, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहळ होतो. मग चालणारा बाजूने नवी पायवाट पाडतो, तिचाही ओहळ होतो. वरच्या अंगाला कारवी माजते. सात वर्षांनी फुलणारी ही कारवी सप्टेंबरपर्यंत डोक्याच्या वर जाते आणि वळण कुठे होतं ते दिसेनासं होतं. नवखा माणूस चुकतो तो बहुधा अशाच एखाद्या वळणावर. तो सरळ पुढे जातो, उतार सोपा वाटतो म्हणून उतरत राहतो, आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थांबतो.

तिकडच्या एका वयस्कर वाटाड्याला मी विचारलं होतं, "बाबा, ही वाट एवढी मोडली कशानं?" ते म्हणाले, "वाट गुरांनी राखली व्हती. आता गुरंच ऱ्हायली न्हाईत, मग वाट कशी ऱ्हानार?"

त्यांचं बोलणं शब्दशः खरं आहे. वरच्या माळावर चरायला जाणारी गुरं, धनगरवाड्यावरून बाजाराला उतरणारी माणसं, लाकूडफाटा, हिरडा, शिकेकाई गोळा करणाऱ्या बाया, लग्नाची वऱ्हाडं, या राबत्याने वाट जिवंत राहायची. कोयता कमरेच्या आकडीला असायचाच. आडवी आलेली फांदी जाताजाता तोडली जायची. वाट राखणं हे वेगळं काम नव्हतं. पोरं मुंबईला गेली, नाचणी-वरीची वरकस जमीन पडीक झाली, गुरं विकली, आणि कुणी न ठरवता ते काम बंद पडलं. आज त्या वाटेवर उरलेला राबता आहे तो गिर्यारोहकांचा, आणि त्याच्या हातात कोयता नाही.

खालच्या अंगाला वेगळीच गोष्ट घडते आहे. कोकणात डोंगरच्या डोंगर विकले जात आहेत. विकत घेणारा बाहेरचा, विकणाराही बहुधा मुंबईत स्थायिक झालेला चाकरमानी. सातबारा बदलला की पहिलं काम जेसीबी आणून कच्चा रस्ता पाडणं आणि दुसरं काम तारेचं कुंपण घालणं. त्या जमिनीतून वाडीवरच्या देवळाकडे, वहाळाकडे किंवा वरच्या घाटाकडे जाणारी पाखाडी असेल, तर ती कुंपणाच्या आत जाते. दगडी पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगे असलेली पाखाडी. तिची नोंद सातबाऱ्यावर शोधून सापडेलच असं नाही, त्यामुळे नवा मालक म्हणतो, दाखवा कुठे लिहिलंय. गावात उरलेली म्हातारी माणसं तलाठ्याकडे दोन खेपा घालतात आणि गप्प बसतात.

लिहिलेलं असतं, पण दुसरीकडे. गाव नकाशा उघडून पाहा. त्यावर गाडीमार्ग दुबार रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, आणि या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. म्हणजे नकाशावर तुटक रेषा असेल तर ती जमीन विकणाऱ्याची नव्हती आणि घेणाऱ्याचीही झाली नाही. शेतात जायची वहिवाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने कधी उलटतात ते मुंबईतल्या चाकरमान्याला कळतही नाही. तो गणपतीला येतो तेव्हा कुंपणावर वेल चढलेली असते.

वनखात्याच्या जमिनीतली वाट कायद्याने आणखी भक्कम आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ याचं कलम २५ सांगतं की राखीव वनातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वनाधिकाऱ्याला बंद करता येते, पण त्यासाठी शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि तिच्या बदल्यात सोयीची दुसरी वाट आधीच असावी लागते किंवा करून द्यावी लागते. इंग्रजांनी जंगलं ताब्यात घेताना केलेला हा कायदा. त्यांनाही रानातली वाट नुसत्या फलकाने बंद करता येत नाही हे मान्य करावं लागलं होतं.

आणि सार्वजनिक म्हणजे काय, हे याच खोऱ्यातल्या गावाने देशाला शिकवलं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते महाडात. तो लढा माणूस म्हणून जगण्याचा होता. वाटेच्या प्रश्नाची त्याच्याशी बरोबरी होऊच शकत नाही. पण जे सर्वांचं आहे ते कुणी एकाने अडवायचं नाही, ही समज महाड-पोलादपूरच्या माणसाला पुस्तकातून घ्यावी लागू नये.

आता वाटेची गरज काय, रस्ता द्या, असं म्हणणाऱ्यांबद्दल. हे म्हणणारी बहुतेक माणसं त्या वाड्यांवरच राहतात आणि त्यांचं बरोबर आहे. बाळंतिणीला डोलीतून चार मैल खाली आणावं लागतं तिथे वाटेचं कौतुक करायला मी जाणार नाही. वाडीला रस्ता हवा, दवाखान्याची गाडी दारात यायला हवी. मात्र रस्ता झाला म्हणून वाट टाकून देऊ नये, कारण आपल्या डोंगरात रस्ता आधी तुटतो. २२ जुलै २०२१ ला या भागात जो पाऊस कोसळला त्यात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. ते पाणी सावित्रीत उतरलं, महाड बुडालं, दरडींनी रस्ते तुटले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली त्याच दिवशी, आणि बाहेरची मोठी मदत गावात पोचायला दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला, तिथे तर पायवाटेशिवाय काहीच नव्हतं. यंत्रं खालीच राहिली. टिकाव, फावडी, पाणी, औषधं सगळं माणसांनी चिखलातून चढवलं. सत्तावीस मृतदेह सापडले, पन्नासहून जास्त माणसं सापडलीच नाहीत. त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत वर पोचलेल्यांत आसपासचे गावकरी आणि डोंगर तुडवणारे गिर्यारोहक होते, कारण त्यांच्या पायांना ती वाट माहीत होती. इर्शाळगडाची ती नेहमीची वाट. जी वाट रविवारी चालली जाते तीच आपत्तीच्या रात्री सापडते. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात घाटवाटांचं पान असायला हवं ते यासाठी.

बंदीचं दुखणंही इथेच आहे. या खोऱ्यात धोका महिना बघून येत नाही. खाली ऊन असतं, वर महाबळेश्वरच्या अंगाला ढग कोसळतो, आणि तासा-दीड तासात कोरडी वाटणारी नाळ भरून वाहू लागते. पाण्याचा रंग गढूळला, पाचोळा वाहून येऊ लागला, वरून दगडांचा घुमा आवाज आला की गावातला पोरगा काठ सोडतो. शहरातून आलेला फोटो काढत उभा राहतो. कोणता वहाळ दुपारनंतर ओलांडायचा नाही आणि कोणत्या निसणीवर, म्हणजे शिडीच्या टप्प्यावर, पावसात पाय ठरत नाही, याचं ज्ञान फाट्यावर बदलीवर आलेल्या शिपायाकडे कसं असेल? त्याला दिलेला आदेश धबधब्याचा डोह आणि कोरड्या सोंडेवरची धोपट वाट यांत फरक करत नाही. मग लोक फाट्यावरचा पहारा चुकवतात, पहाटे तीनला दुसऱ्या गावातून शिरतात, वाटाड्या न घेता. गावातला वाटाड्या तर बंदीमुळे घरीच बसलेला असतो.

काही जागा पावसात बंदच हव्यात, यात दुमत नाही. दगड सुटणाऱ्या नाळा, धबधब्याखालचे डोह, लिंगाण्यासारखे कडे. पण आज ही वाट उघडी की बंद, हे सकाळी सहा वाजता पायथ्याच्या गावाने ठरवावं आणि प्रशासनाने त्यामागे उभं राहावं. बोर्डावर खडूने लिहिलेलं "आज वहाळ भरलाय, वाट बंद" हे चार महिन्यांच्या छापील आदेशापेक्षा जास्त पाळलं जाईल, कारण ते खरं असतं.

यासाठी गावाला पैसा लागेल, आणि तो चालणाऱ्याने द्यावा. माणशी शंभर रुपये घेतले तर मुंबई-पुण्याहून बसने येणाऱ्याला ते जड नाही. शुल्क म्हटलं की गिर्यारोहकांच्या कपाळाला आठ्या पडतात, डोंगर काय कुणाच्या बापाचा, असं ऐकू येतं. वाटेचा कर आपल्याकडे नवा नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात, आणि घाटांवर जकातीची ठाणी असायची. खरी तक्रार वेगळी आहे आणि ती मला मान्य आहे. काही ठिकाणी पावती फाडली जाते आणि त्या पैशातला रुपयाही वाटेवर दिसत नाही. म्हणून हिशेब ग्रामसभेत वाचला जावा आणि निम्मा पैसा वाटेच्या कामालाच लावावा, ही अट पहिल्याच ठरावात हवी. उरलेल्यातून वाटाड्यांचा विमा, दोर, स्ट्रेचर, शिट्ट्या, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात आयोजकांची नोंदणी आहे, सुरक्षेचे नियम आहेत. ज्या वाटेवर हे साहस चालतं ती राखणाऱ्या गावाला त्यातून काय मिळतं, हे मात्र मला त्यात ठळकपणे दिसलं नाही.

मजुरीसाठी रोजगार हमी आहेच. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, पण तिचं लक्ष वाहन जाईल असा रस्ता करण्यावर. पाच-सहा माणसांनी आठवडाभर चरी मोकळ्या करणं, निखळलेले दगड बसवणं, कारवी तोडणं हे काम त्या अंदाजपत्रकात बसत नाही. बसवायला हवं. त्याला सिमेंट लागत नाही. उलट सिमेंटच्या पायऱ्यांपासून आणि लोखंडी कठड्यांपासून या वाटा वाचवायला हव्यात. सिमेंटच्या पायरीवर शेवाळ धरतं आणि पाणी बाजूने माती पोखरतं, दोन वर्षांत पायरी अधांतरी राहते. सुशोभीकरण या नावाखाली गडकोटांच्या वाटांचं काय होतं ते आपण पाहतो आहोत.

गिर्यारोहकांनाही चार शब्द सुनवायला हवेत. एका रविवारी एका नाळेत साठ-सत्तर जणांच्या दोन-तीन तुकड्या घुसवणं हा धंदा झाला, गिर्यारोहण नव्हे. नाळेत वरच्याचा पाय लागून सुटलेला नारळाएवढा दगड खालच्याच्या डोक्यावर येईपर्यंत ओरडायलाही वेळ मिळत नाही. कितीही कसलेला म्होरक्या असला तरी एवढी माणसं दगडी घळीतून सुरक्षित नेता येत नाहीत. तेव्हा रोजची संख्या गावाने ठरवावी आणि ती पाळली जावी. मोबाइलवर दुसऱ्या कुणाची आयती वाटनोंद घेऊन वाटाड्याचे पैसे वाचवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की ती नोंद जानेवारीतली असेल तर सप्टेंबरच्या कारवीत तिचा उपयोग होत नाही. खडकांवर रंगाचे बाण मारणं मात्र थांबवा. चुकीच्या सोंडेवर मारलेला बाण पुसला जात नाही, आणि त्याच्यामागे माणसं वर्षानुवर्षं चुकत राहतात.

वनखात्याची काळजी मला पटते. वणवा लागतो, पाणवठ्याजवळ मुक्काम पडतात, रात्री गाणी लागतात. गावाच्या ताब्यात वाट असली तर हे थांबवणारा माणूस जागेवर असतो. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण करण्याचा अधिकार देतो. सामूहिक दावा मंजूर झालेल्या गावांना वाटेची राखण त्याच अधिकारात करता येईल. बाकीच्या गावांत संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत, त्यांच्याशी करार व्हावा. यासाठी नवं महामंडळ नको, नवं प्राधिकरण तर नकोच.

सुरुवात करायला मुंबईहून काही यायची वाट पाहावी लागत नाही. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या पायथ्याच्या गावांनी भूमी अभिलेख कार्यालयातून आपापल्या गाव नकाशाची प्रत काढावी. वयस्कर माणसांना सोबत घेऊन तुटक रेषा प्रत्यक्ष चालून पाहाव्यात. प्रत्येक वाटेचं गावातलं नाव, ती कुठून कुठे जाते, कुठे कुंपण आडवं आलंय, कुठे दगड निखळलेत, पाणी कुठे मिळतं, हे वहीत उतरवावं. जी वाट नकाशावर नाही आणि गावाच्या वहिवाटीत आहे, तिची वेगळी यादी करावी. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही यादी ठराव म्हणून मांडून तहसीलदार आणि वनक्षेत्रपालांकडे पाठवावी. तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि कारवी तोडायची वेळही तीच असते.